वाचणे होय, लिहिणे नाही

फ्रीगंज, उज्जैन
१२ फेब्रुवारी १९९८

चि. रुचिर,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण टावर चौकापर्यंत पायी जाऊन भाजी आणते. हैदराबादला आता उन्हाळा लागला असेल, पाणी उकळून पीत जा.

बाबांचा कॉम्प्युटरवरचा संदेशांचा बोर्ड चालू आहे. एकेचाळीस सभासद आपापल्या कॉम्प्युटरवरून फोन लावून संदेश वाचतात, लिहितात. तुझ्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकलेलं माझं इंग्रजी त्याला पुरतं. आता इंदूरचा सुहास आपला बोर्ड तिथल्या न्यूज सर्व्हरला, म्हणजे अनेक ठिकाणचे संदेश ठेवणाऱ्या मशीनला, जोडतोय. म्हणाला, "काकू, आधी यादी द्या. कोणी काय वाचायचं, कोणी लिहायचं. बिना कुलुपाचं मी काही घेणार नाही."

कुलूप म्हटलं की तुला काय आठवेल, मला माहीत आहे. तू तेव्हा सगळा बोर्ड इंदूरला उघडाच जोडून दिलास. माझ्या मैत्रिणीनं, उषानं, बायकांच्या विभागात लिहिलं होतं की ती नवऱ्याला सोडायचा विचार करतेय. ते तिच्या दिरानं इंदूरच्या ऑफिसात बसून वाचलं. घर सुटलं, दोन महिने ती आपल्या मागच्या खोलीत राहिली. तू तिच्याशी एक शब्द न बोलता नोकरीवर निघून गेलास. बाबांनी मशीनमध्ये तुझ्या नावापुढे लिहिलं: वाचणे होय, लिहिणे नाही.

यादी करताना जुन्या नोंदी काढल्या. दोन वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात होते, त्या आठवड्याच्या. ते आजारी असल्याचं मी बोर्डावर टाकलं होतं. ते वाचून तू सहा वेळा लिहायला गेलास. सहाही वेळा मशीननं तुला परत पाठवलं. फोनही केला असशील, पण मी दवाखान्यात आणि घरच्या फोनच्या लाइनवर बोर्डाचंच मशीन लावलेलं. काय लिहिलं होतंस, ते नाकारलेल्या संदेशांत राहत नाही. फक्त वेळ राहते.

तू तेराव्याला आलास. पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत बसलास. निघताना विचारलंस, "बाबा काही म्हणाले होते?" मी म्हणाले, "नाही."

म्हणाले होते, रुचिर. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी. "विजया, घरी जाशील तेव्हा त्याचं लिहिणं चालू कर. बस झालं आता." मला ते करता येत होतं. मी अंघोळीला घरी येत होते, मशीनसमोर बसत होते. केलं नाही. मला वाटे, आधी उषाच्या दारात जाऊन माफी माग, मग लिही. बाबा सहाव्या दिवशी गेले. मग मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

काल उषाकडे गेले, सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. हात थांबले.

"दो साल, विजू? अगं, तू तर जेलरच निघालीस."

"तुझ्यासाठीच केलं गं."

"माझं नाव मत ले. मला विचारलं होतंस?" मग तिनं पोळी तव्यावर टाकली, उलटली. शेवटी म्हणाली, "लिहू दे त्याला. पण बायकांचा विभाग त्याला दिसायला नको. तेवढं कुलूप माझ्यासाठी लाव."

तसं केलं आहे. उषाचं म्हणणं बरोबर आहे, तुलाही पटेल.

हे पत्र बोर्डावर टाकलं नाही. तिथे सगळे वाचतात. बाबांनी तुला शेवटपर्यंत बाहेर ठेवलं, असं दोन वर्षं धरून बसला असशील. त्यांनी नाही ठेवलं. मी ठेवलं.

त्या सहा वेळा काय लिहिलं होतंस, ते विचारायचा हक्क मला नाही. पण यादीत तुझ्या नावापुढे दोन्हीकडे आता होय आहे. बाबांनी सांगितलेलं, मी उशिरा केलेलं.

तुझं लिहिणं अडवणारी,
आई