बाकावर ऐकलेली दोनशे बारा कार्डे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, शब्दकोश कार्यालयातील निवृत्त तपासनीस, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत, स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी कालच दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी त्यात काही लिहिलेले नाही, आणि कायद्याला गुडघ्यांशी काही कर्तव्यही नाही. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती, ती रद्द समजावीत. दोन्हींत एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याखालची अडगळ हे सर्व माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या दिवंगत दादाच्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. स्वयंपाकघराची खिडकी आधी वर उचलावी लागते, मग ढकलावी लागते. हे तिला तीनदा सांगून झाले आहे, आणि तिन्ही वेळा तिने खिडकी बदलून टाक असेच सांगितले आहे. माझ्या पश्चात तिने ती खुशाल बदलावी.

२. बँकेत जे निघेल त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा आणि उरेल ते भाचीने घ्यावे. भाषणे नकोत. विशेषतः आमच्या मुख्य संपादकांना बोलू देऊ नये. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगले बोलायची त्यांना भारी हौस आहे. ते मला ‘काटेकोर’ म्हणतील. हे विशेषण माझ्या नावाला चिकटलेले मला नको आहे. का, ते कलम पाचमध्ये येईल.

३. भिंग आणि लाल शाईची दोन पेने भाचीला. कार्डे कापायची सुरी आमच्या मुद्रितशोधकाकडे बावीस वर्षे आहे. विचारले की तो कानांवर हात ठेवतो. ती त्याच्याकडेच राहू द्यावी, मात्र ती माझी आहे हे त्याला लेखी कळवावे.

४. पुढचे कलम समजण्यासाठी माझे काम काय होते ते सांगणे भाग आहे. वकिलांनाही ते दोनदा सांगावे लागले. इंग्रजीतले विशेषण एकटे फारसे हिंडत नाही. त्याच्यामागून ठरावीक प्रिपोझिशन येते, आणि त्याच्यामागून एखादे नाम. ‘अफ्रेड’मागून ‘ऑफ’ येते हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्या ‘ऑफ’च्या पुढे माणसे प्रत्यक्षात काय ठेवतात, अंधार, कुत्रा की स्वतःची सासू, हे खुर्चीत बसून सांगता येत नाही. ते ऐकावे लागते. आमचा कोश अशा ऐकलेल्या जोड्यांचा होता. एका कार्डावर एक वाक्य, आणि खाली तीन ओळी: स्थळ, दिनांक, ऐकणाऱ्याचे नाव. नियम एकच होता. जे ऐकले नाही किंवा छापलेले वाचले नाही ते कार्डावर येणार नाही, आणि जे ऐकले ते कितीही विचित्र वाटले तरी येईल. मनाने रचलेल्या वाक्यावर मी लाल शाईने ‘बनावट’ लिहीत असे. तो शब्द पडला की ते कार्ड संपले, आणि तसे वारंवार झाले की लिहिणाराही संपला.

५. पेटी. माझ्या पलंगाखाली पत्र्याची पेटी आहे. तिच्यात माझ्या वहिनींची दोनशे बारा कार्डे आहेत. प्रत्येकावर ‘बनावट’ लिहिलेले आहे, आणि अक्षर माझे आहे.

वहिनी माझ्याच शिफारशीने कार्यालयात लागल्या होत्या. त्यांचे कान तयार होते, माझ्यापेक्षाही. एकतीस वर्षांपूर्वी आईचे खुब्याचे हाड मोडले. तिला आठवड्यातून चार सकाळी मिशनच्या रुग्णालयात फिजिओथेरपीला न्यावे लागे. तिथे येणारे बहुतेक जण आपसांत इंग्रजीच बोलत. तीन सकाळी वहिनींच्या, शनिवार माझा, असे ठरले होते. माझ्या प्रत्येक शनिवारी कार्यालयात काहीतरी निघाले. चौदा महिने चारही सकाळी वहिनीच गेल्या, आणि तिथल्या बाकावर बसून त्यांनी कार्डे लिहिली. ती तपासायला माझ्यापुढे आली तेव्हा मी थक्क झाले. ‘अँग्री विथ माय नीज.’ इंग्रजीत माणसाशी रागावताना ‘विथ’ येते. गुडघ्यांशी कोणी भांडत नाही. ‘प्राउड ऑफ द स्पून.’ चमच्याचा अभिमान कोणाला असतो? ‘शाय ऑफ द स्टेअर्स.’ जिन्याला कोण लाजते? घरच्या माणसाला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून मी जास्तच कडक झाले. वहिनी एवढेच म्हणाल्या होत्या, “वन्सं, एक दिवस माझ्याबरोबर येऊन बसा.” मी गेले नाही. महिन्याभरात त्यांची नोकरी गेली. दादा त्यानंतरही या घरी येत राहिला. वहिनी आल्या नाहीत. दादा गेला तेव्हाही मीच त्यांच्याकडे गेले, त्यानंतरही त्या इथे आल्या नाहीत.

नाकारलेली कार्डे रद्दीत जायची. ही मी घरी आणली. का, ते तेव्हा मला सांगता आले नसते.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि मी त्याच बाकावर जाऊन बसले. शेजारी एक सुतार होता. पाय लांब करून तो गुडघ्यांकडे बघत म्हणाला, “आय अ‍ॅम अँग्री विथ माय नीज.” तिसऱ्या आठवड्यात एक बाई आजाराने लुळ्या पडलेल्या हाताने प्रथमच चमचा तोंडापर्यंत नेऊ शकल्या, आणि त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. त्यांना चमच्याचा अभिमान होता, आणि तसे त्या म्हणाल्याही. तिथे माणसे स्वतःच्या अवयवांशी घरच्यांसारखी बोलतात. आईही तशीच बोलत असणार. मी ते ऐकले नाही. मला लाज वाटली, आणि ती लाज घेऊन मी अकरा वर्षे गप्प बसले, हे पहिल्या चुकीपेक्षा वाईट आहे.

म्हणून पेटी वहिनींना द्यावी. मुख्य संपादकांना कळवावे की दोनशे बारा कार्डे खरी होती आणि तपासनीस चुकली. नव्या आवृत्तीत ती वहिनींच्या नावाने घ्यावीत.

पुरवणी, सहीच्या दिवशी लिहिलेली. वकील म्हणाले, जे तोंडाने सांगता येते ते मेल्यानंतर कशाला सांगता. मी वहिनींना फोन केला. एकोणऐंशी वर्षांच्या वहिनी भाचीचा हात धरून आज जिना चढून आल्या. मी कलम पाच वाचून दाखवले. मग त्यांनी कोरे कार्ड मागितले आणि म्हणाल्या, “वाचलेलं नको. म्हणा. इंग्रजीत म्हणा, म्हणजे कार्डावर घेता येईल.”

मी म्हणाले, “आय वॉज राँग अबाउट द कार्ड्स.”

त्यांनी पेन उचललेच नाही. मी पुन्हा म्हणाले, “आय वॉज राँग अबाउट माय वहिनी.”

हे नाम इंग्रजीत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होते. पण जे ऐकले ते कार्डावर येते. त्यांनी ते लिहून घेतले.

दुसरा साक्षीदार अजून यायचा होता. वहिनी म्हणाल्या, मी सही करते. वकिलांनी बजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, पेटी हातची जाईल. वहिनी म्हणाल्या, “जाऊ दे. माझी कार्डं खरी होती, हे मला माहीतच होतं. तुम्ही ते म्हणालात, याला मात्र कोणीतरी साक्षीदार हवा.”

तेव्हा पेटी भाचीला द्यावी. संपादकांना कळवायचे ते तसेच कायम.

लिहून देणार: सही, तपासनीस.

साक्षीदार पहिले: सही, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर.

साक्षीदार दुसऱ्या: सही, वहिनी. आणि सहीखाली, न सांगता, त्यांच्याच अक्षरात:

स्थळ: वन्संच्या घरची मागची खोली.
दिनांक: ११ जून, सकाळ.
ऐकणारी: मी स्वतः.