तिसऱ्या रांगेतली फट

३ मार्च

झाडलं! कोपरा न् कोपरा झाडला. उद्या नात तिच्या बँडला घेऊन येते आहे. दुसरा अल्बम आबाच्या, म्हणजे माझ्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्येच करायचा म्हणते. कंपनीने भारी स्टुडिओ दिला होता, पण तिथे ड्रम पुठ्ठ्यावर थापट्या माराव्यात तसे वाजले म्हणे. पहिला अल्बम इथे झाला तो लोकांनी डोक्यावर घेतला. आता सगळे टपून बसलेत. तिचा बाप, माझा मुलगा, तोसुद्धा! परवा फोनवर म्हणाला, "पहिला म्हणजे कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ. आता कळेल." बापाने बोलावं असं?

मागच्या भिंतीशी वीस वर्षं फळ्यांची थप्पी होती, छातीएवढी उंच. मला वाळवीची धास्ती. पोरांच्या महागड्या स्पीकरच्या पेट्यांना लागली तर? शेजारच्या रंगाऱ्याला हाताशी घेऊन सगळ्या फळ्या अंगणातल्या शेडमध्ये टाकल्या. भिंतीला रंगही दिला. कशी लख्ख दिसते!

४ मार्च

आले. ड्रमवाला इतका उंच की दारात वाकतो. त्याला सगळे लंबू म्हणतात. शिवाय रेकॉर्डिंगच्या बाई आहेत, कमी बोलणाऱ्या. नात म्हणाली, "आबा, केवढी जागा झाली रे!" माझी छाती फुगली.

यांच्या गाण्याला ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे काय, विचारलं. लंबू म्हणाला, "जे विचारणाऱ्याला सांगता येत नाही ते, आबा."

६ मार्च

बिनसलंय. बाई म्हणतात ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे वाजतायत. गोधड्या टांगल्या, ड्रम चारी कोपऱ्यांत फिरवले. काही नाही. वीस तारखेला अल्बम कंपनीच्या हातात पडायला हवा, नाहीतर ते दुसऱ्या कुणाला तरी धरणार. नात जेवली नाही. लंबू म्हणाला, "खोली तीच, आपण तेच, मग गेलं कुठे?"

७ मार्च

कळलं. माझ्यामुळे. सांगू कसं?

८ मार्च

मला करवत-मशीनने बहिरं केलंय, निम्मं ऐकू येत नाही. म्हणून पहिल्या अल्बमच्या वेळी मी रोज त्या थप्पीला पाठ टेकून बसायचो. ड्रम वाजला की लाकूड घुमायचं आणि ते पाठीत उतरायचं. तेच माझं ऐकणं. काल तसाच भिंतीला टेकून बसलो. लंबू जीव खाऊन बडवत होता आणि पाठीत काही नाही. थंडगार भिंत!

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी चहा देता देता बोलून टाकलं. "फळ्या मी हलवल्या. तो आवाज फळ्यांचा होता."

मला वाटलं नात ओरडेल. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "थप्पी पुन्हा तशीच लावता येईल तुला?"

"तशीच्या तशी," म्हणालो. तोंडातून निघून गेलं. आता निस्तरा!

९ मार्च

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण कुठली फळी कुठे होती ते हाताला आठवतं. गाठ कुठे, कड कुठली तासलेली, खालची वाकडी कुठली. लंबू उचलतो, मी जागा सांगतो. शेडचं दार सारखं मिटत होतं. शेवटी एका फळीचा टेकू दिला. सांगून सांगून घसा बसला. लंबू म्हणाला, "आबा, तुमच्यापेक्षा आमच्या कंपनीचा साहेब बरा!"

१० मार्च

संपलं. पण तिसऱ्या रांगेत चार बोटं फट राहते. पूर्वी होती का? लाकूड आक्रसतं, तसं झालं असेल. तरी जिवाला घोर.

११ मार्च

पाठ टेकून बसलो. लंबूने पहिला ठोका दिला आणि मी दचकलोच! पाठीतून पार छातीत आला. पूर्वी इतका यायचा नाही. हाय रे देवा, म्हटलं, पुन्हा काहीतरी चुकलं.

तर त्या न बोलणाऱ्या बाई कानावरची यंत्रं काढून उभ्या राहिल्या. "हाच!" एवढंच म्हणाल्या. लंबू थांबेचना. नात गिटार गळ्यात घेऊन नाचायला लागली. मी वाकून फटीत बोट घातलं. आत वारा हलत होता.

१९ मार्च

एक दिवस आधीच दहाच्या दहा गाणी पूर्ण! जाताना नातीने ताकीद दिली, "आबा, आता झाडू हातात घ्यायचा नाही."

१६ मे

अल्बम आला. वरच्या चित्रात माझी थप्पी! रंगारी पेपर घेऊन धावत आला, चष्मा नाही म्हणून त्यालाच वाचायला लावलं: "पहिल्याहून कितीतरी खोल. असा ड्रम आजवर ऐकला नव्हता." तीनदा वाचायला लावलं. शेवटी म्हणाला, "आबा, मला भिंती रंगवायच्यात."

दुपारी मुलाचा फोन. बराच वेळ इकडचं तिकडचं. मग म्हणाला, "पोरीने नाव काढलं. मी जरा जास्तच बोललो होतो." मी म्हटलं, "फांदीला सांग. मोडली नाही ती." दोघंही हसलो. किती वर्षांनी.

कंपनीला तिसरा अल्बमही हवाय. इथेच. काहीही न हलवता, असं नात तीनदा म्हणाली.

२१ मे

आज शेड उघडलं. दाराआड टेकूची फळी तशीच उभी. अंगठ्याने कड चाचपली, ताबडतोब ओळखली. तिसऱ्या रांगेतली!

इकडे तिकडे पाहिलं. दार ओढून घेतलं, कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात आहे.