घमेलं उचलणारी दुसरी बाई

२ जुलै, बुधवार

पार्वतीबाईनं आज कागद दिला. पॉलिथिनच्या पिशवीत घडी केलेला. द्यायच्या आधी हात पदराला दोनदा पुसले, तरी कडेला सिमेंटचं बोट उमटलंच.

"ताई, एक सही पायजे होती. मालकाची लागते म्हणं."

बांधकामावर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. तो असला की कामगार मंडळाचं कार्ड पुढं चालू राहतं. कार्ड चालू असलं की पोरांच्या शिक्षणाला मदत मिळते. तिच्या लुंबिनीला लातूरला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, फी भरायची आहे. केंद्रावर अंगठा द्यायची तारीख एकवीस जुलै. ती चुकली तर पुढची कधी मिळेल कोण जाणे, आणि तोवर प्रवेशाची मुदत जाईल.

प्लॉट माझ्या नावावर. म्हणजे मालक मीच. नोव्हेंबरपासून, पाया खोदल्यापासून, ती आमच्या घरावर घमेलं उचलते आहे. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पेनही समोर होतं.

"ठेव, बघते," म्हणाले. कागद गॅसच्या पुस्तकाखाली ठेवला.

३ जुलै, गुरुवार

इथं तरी खरं लिहावं.

माझ्याकडंही तेच कार्ड आहे. फोटो माझा. नाव वर्षाराणी शिवशंकर. कामाचा प्रकार — बांधकाम मजूर.

फेब्रुवारीत भागवत भाऊजी आले होते. माझे धाकटे दीर. हदगावला स्टँडजवळ त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. "वहिनी, आधार द्या अन् एक फोटो द्या. सगळे काढून राहिलेत. तुम्हीच कशाला मागं राहता?" मी हसले होते. म्हणाले, मी कुठली मजूर! ते म्हणाले, "घर बांधून राहिलात ना? मग झालं की."

कामाचं ठिकाण म्हणून त्यांनी हाच प्लॉट टाकला. पत्ता तरी खरा असावा म्हणून. नव्वद दिवसांच्या दाखल्यावर सही त्यांनीच कुणाची तरी मिळवली. मी एक दिवस केंद्रावर जाऊन अंगठा देऊन आले. शेजारच्या रांगेत एक बाई होती, तिचा अंगठा मशीन घेतच नव्हतं. सिमेंटनं रेघा झिजलेल्या. टेबलावरची मुलगी तिला सांगत होती, "मावशी, तेल लावून या, उद्या या." माझा पहिल्या झटक्यात घेतला.

एप्रिलमध्ये भांड्यांचा संच आला. मे महिन्यात लेकीच्या, अक्षराच्या, शिक्षणाची मदत जमा झाली. नवरा, शिवशंकर, कॉलेजात शिकवतो. आम्हाला गरज होती का? नव्हती. नको म्हणाले का? तेही नाही.

सही करायची तर त्याच प्लॉटची मालकीण म्हणून करायची. ज्या प्लॉटवर मी मजूर आहे.

४ जुलै

सही केली नाही.

६ जुलै, रविवार

शिवशंकरशी बोलले. तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "एकाच प्लॉटवर तूच मालकीण अन् तूच लेबर? दोन्ही कागद एकाच टेबलावर जाणार. कळतंय का?"

"मग तिचं काय?"

"रामलिंग गुत्तेदार आहे ना. त्याची माणसं, तो सही करेल."

रामलिंग काही करणार नाही. तो मागंच सांगून बसलाय, "मी कुठला मोठा गुत्तेदार, ताई? माझ्याकडं ना लायसन ना शिक्का. चार माणसं गोळा करून काम घेतो, बस." ग्रामसेवकाचीही सही चालते, म्हणून पार्वतीबाई त्याच्याकडं जाऊन आली. तो म्हणाला, मालक जिवंत असताना माझ्याकडं कशाला?

भाऊजींना फोन केला. ते हसायलाच लागले. "वहिनी, तुम्ही लई घाबरता. काही दिवस टाळा. तारीख निघून गेली की ती बाई आपोआप गप्प बसते."

आपोआप गप्प बसते. हे वाक्य दिवसभर कानात आहे. मी "असं नका बोलू" म्हणाले नाही. "बरं" म्हणून फोन ठेवला.

८ जुलै, मंगळवार

चहा घेऊन कामावर गेले. भाड्याचं घर मागच्याच गल्लीत, त्यामुळे चहा माझ्याकडूनच जातो. आत गिलावा चाललाय.

रामलिंग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पार्वतीबाईची पोरगी सिस्टर होऊन राहिली. आता आपल्याला सुई फुकट."

पार्वतीबाई माल कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला द्यायला सांगते की. बैलाला देतेत ती."

सगळे हसले. मीही हसले. मग तिनं कप विसळले, जग उचलला आणि त्याचं झाकण फिरवून बघितलं.

"ताई, असलाच जग माझ्या घरी हाय. संचातला. तुमच्याबी जगाचं झाकण ढिलं हाय का?"

"भाऊजींनी आणून दिला," मी म्हणाले.

खोटं नव्हतं. खोक्याचं ओझं भाऊजींनीच उचलून आणलं होतं.

"हाव का," म्हणाली. जग माझ्या हातात दिला. झाकण वेगळं, जग वेगळा. नंतर सहज विचारल्यासारखं, "त्या कागदाचं झालं का?"

"साहेब गावाला गेलेत. आल्यावर करते."

साहेबांची मोटारसायकल दारात उभी होती. तिनं तिकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

९ जुलै

एक मेसाठी पार्वतीबाईवर लेख लिहिला होता. पेपरच्या कामगार दिनाच्या पुरवणीत आला. तिचे हात, भेगांमधलं राखाडी सिमेंट, जेवताना घास उचलण्याची तिची पद्धत. खूप फोन आले. एका बाईंनी तर रडू आलं म्हणून सांगितलं.

लुंबिनीनं तो तिला वाचून दाखवला होता. दुसऱ्या दिवशी पार्वतीबाई म्हणाली होती, "माझे हात लई चांगले लिवले, ताई. मला तर म्हाईतच नव्हतं ते असे हायत."

आज तो लेख काढून वाचला. वाईट लिहिलेला नाही. हेच जास्त लागलं.

११ जुलै, शुक्रवार

आज मी जे केलं ते लिहायला मन धजत नाही.

सकाळी ती दाराशी आली, कामावर जायच्या आधी. आत ये म्हटलं तर आली नाही. पायाला माती आहे म्हणाली. "ताई, दहाच दिस राहिले."

मी म्हणाले, "अगं, तो कागद सापडत नाहीये. हरवला बहुतेक."

इतक्या सहज म्हणाले! दूध उतू गेलं म्हणावं तसं. कागद तिच्यापासून सहा पावलांवर होता. गॅसच्या पुस्तकाखालून त्याचं टोक बाहेर आलेलं होतं. ती आत आली असती तर तिला दिसलं असतं. ती आत आली नाही म्हणून मला बरं वाटलं.

"असू द्या. दुसरा आणते," म्हणाली.

१२ जुलै

पार्वतीबाई कामावर आली नाही. रामलिंग चिडला होता. "कागद आणायला गेली म्हणं नांदेडला. आजचा खाडा."

माझ्या खोट्यापायी तिचा दिवस गेला.

१३ जुलै, रविवार

अक्षराला भेटायला लातूरला गेले. तिची बारावी, सोबत नीटचे क्लास. पोरगी वाळली आहे. डोळ्यांखाली काळं. मेसच्या भाजीला नावं ठेवत मी नेलेल्या दशम्या उभ्यानंच खाल्ल्या.

मग एक फॉर्म पुढं केला. "आई, यावर्षीच्या मदतीचा. तुझं कार्ड चालू आहे ना? बाकी सगळं भरलंय मी."

तिच्या त्या गोल, नीट अक्षरात लिहिलं होतं. आईचा व्यवसाय — बांधकाम मजूर.

"हे लिहिताना काही वाटलं नाही तुला?"

"त्यात काय? रूममधल्या चौघींपैकी तिघींच्या आया बांधकाम मजूर आहेत. प्रियाची आई तर मास्तरीण आहे." आणि हसली. "तू तरी खरंच घर बांधतेस, आई."

शब्दही भाऊजींचेच. तिला कुणी शिकवले? कुणीच नाही. आम्ही शिकवले.

परत येताना एसटीत सगळा वेळ तो फॉर्म पर्समध्ये होता. मी सही केली नाही, पण फाडलाही नाही. लुंबिनी याच शहरात शिकायला येणार आहे. कदाचित याच पोरींच्या गल्लीत खोली घेईल. तिनं त्याच रकान्यात तेच दोन शब्द लिहिले तर ते खरे असतील. आणि माझ्या सहीवाचून तिचेच अडकलेत.

१५ जुलै

पार्वतीबाईनं नवा कागद आणला. या वेळी लुंबिनी सोबत होती. उंच, सावळी, केस घट्ट बांधलेले. लेख वाचून दाखवणारी ती हीच. मला वाकून नमस्कार करायला लागली, मी मागं सरले.

"मावशी, आईला मी म्हणाले, मीच येते. पुन्हा हरवला तर मी झेरॉक्स काढून ठेवल्यात तीन."

बोलणं गोडच होतं. पण नजर सरळ होती. पार्वतीबाईनं तिला दटावलं, "गप गं. त्यांना काय कमी कामं हायत का?"

माझ्या बाजूनं ती बोलली. तिच्या बाजूनं मी अजून एक शब्दही बोललेली नाही.

१७ जुलै

झोप नाही. फार काही लिहवत नाही.

१९ जुलै, शनिवार

केली सही.

सकाळी स्वयंपाकाच्या आधीच बसले. मालकाचे नाव — वर्षाराणी. कामाचे ठिकाण — विष्णुपुरी, आमचा गट नंबर, प्लॉट नंबर. कामाचे स्वरूप — घमेलं उचलणे, माल कालवणे, विटा वाहणे, पाणी मारणे. लिहिताना जागा पुरेना. माझ्या फॉर्मवर भाऊजींनी नुसतं "मजुरी" लिहून भागवलं होतं.

कागद स्वतः कामावर नेऊन दिला. गॅसच्या पुस्तकाखालचा जुनाही काढला होता, पण तो दाखवायचा धीर झाला नाही. पर्समध्येच राहिला. पार्वतीबाईनं दाखला उलटा-सुलटा बघितला, माझ्या सहीवर बोट टेकवलं. "झालं," एवढंच म्हणाली. रामलिंगनं मागून विचारलं, "आता तरी पेढे?" ती म्हणाली, "तुला नाही. तू सही केली नाहीस."

संध्याकाळी शिवशंकरला सांगितलं. सोमवारी मीही केंद्रावर जाणार. तिचं काम उरकलं की माझं कार्ड रद्द करायचा अर्ज देणार. मिळालेली मदत परत करणार. भांडीही.

"अक्षराला काय सांगणार?"

"खरं ते."

"अन् भागवतचं काय? त्यानं फॉर्म भरलाय."

मी अर्जासाठी कोरा कागद शोधायला लागले. तो उठून गच्चीवर गेला. मला वाटलं होतं, सही केल्यावर हलकं वाटेल. थोडंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, बऱ्यापैकी वाटलं. अर्ज लिहिला तोही एका बैठकीत. "मी बांधकाम मजूर नाही व कधीही नव्हते." हे वाक्य मला आवडलं. दोनदा वाचलं.

२१ जुलै, सोमवार

पार्वतीबाईचा अंगठा तिसऱ्या वेळी लागला. खोबरेल घरूनच लावून आली होती. दाखला जमा झाला, तपासून मंजुरी देतो म्हणाले. ती बाहेर जाऊन बसली. मग मी माझा अर्ज पुढं सरकवला.

टेबलावरच्या मुलीनं माझा नंबर टाकला. "मॅडम, तुमची तर जागेवर येऊन तपासणी झालीय. सहा मार्चला. सगळं ओके आहे." स्क्रीन माझ्याकडं वळवली.

आमच्या प्लॉटचा फोटो. नुसते कॉलम उभे होते तेव्हाचा. खाली लिहिलेलं: अर्जदार गैरहजर. सोबतच्या कामगार बाईचा जबाब — "वर्षाराणी माझ्यासोबत घमेलं उचलते. आज अंगात ताप आहे म्हणून आली नाही. तिची पोरगी लातूरला शिकते." त्याखाली वाकडीतिकडी सही. पार्वतीबाई व्यंकटी.

मार्च. म्हणजे त्या ढिल्या झाकणाच्या जगाच्या आधी. लेखाच्या आधी. "कागद हरवला" म्हणाले त्याच्या चार महिने आधी.

मुलीनं माझा अर्ज पुन्हा वाचला, आणि बाजूला ठेवलेला पार्वतीबाईचा आत्ताचा दाखला उचलला. "कधीही मजूर नव्हता म्हणता. मग ही बाई खोटं बोलली का? तसं असेल तर आधी तिचं कार्ड थांबवावं लागेल."

दारातून पार्वतीबाई दिसत होती. पायरीवर बसून माझ्या चपला सावलीत सरकवत होती.

"नाही," मी म्हणाले. "ती खरं बोलली."

आणि अर्ज परत घेतला.