टेबलाखालचा पाय

ता. १४, शनिवार

चि. लेकीस आईचा आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक.

परवा आधी आली ती ऑफिसातली जाड चष्म्याची बाई, तीही वीस मिनिटं लवकर. मी अजून केस विंचरत होते. मागून धापा टाकत तिचा इंजिनियर, चार जिन्यांनी त्याचा पार भुगा केला. पहिल्या तारखेपासून तुझ्या लेकीच्या ऑफिसात नवं कॉम्प्युटरचं काम सुरू होतंय, ते न दिसणाऱ्याला जमतं का बघायला थेट घरी आले. एवढी शिकलेली माणसं आपल्या खुर्च्यांवर बसलेली बघून मला काय करू नि काय नको झालं.

तुझी लेक ब्रेलच्या पट्टीवर बोटं ठेवून ऐटीत बसली. पडद्यावरचं लिहिलेलं त्या पट्टीवर टिपक्यांनी वर येतं, तुला ठाऊकच आहे. जुन्यात सगळी अक्षरं होती. नव्यात नुसती चित्रं, आणि पट्टीवर प्रत्येकाचं एकच येतं, "बटण". अशी अकरा. नव्याचा नमुना घरी आल्यापासून रोज संध्याकाळी मी शेजारी बसून तिला कितवं ते सांगते. मला इंग्रजी वाचता येत नाही धड, पण चित्रं कळतात.

बाई म्हणाली, "पत्र पाठवायचं बटण शोधा."

पोरीची बोटं गेली, आली, परत गेली. कान लाल झाले. इंजिनियर घड्याळ लावून बसलेला.

मग मी चहा केला. त्याला बिनसाखरेचा लागतो, एवढ्या तरुण वयात.

पण चहाच्या आधीचं सांगायचं राहिलं. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला. सात वेळा. सवयीने तिचं बोट सातव्यावर गेलं.

"जमलं की," इंजिनियर म्हणाला. "मग प्रत्येक बटणाला नाव देत बसायला नको." लिहूनही घेतलं. मी खुळी, कौतुकाने हसत होते.

ते गेल्यावर ती म्हणाली, "आजी, मी अडलेली त्यांना दिसायला हवी होती गं."

दुसऱ्या दिवशी तिने फोन करून खरं सांगितलं. इंजिनियर म्हणे, घाबरू नका, छान केलंत, जमल्याचा कागद वर साहेबांकडे गेलाय. बाई तेवढी म्हणाली, परत येऊन बघते, पण कागद बदलेल असं सांगत नाही.

ऑफिसात शेजारी कोण बसणार, असं ती मला विचारते. रागावत नाही, हेच सोसत नाही.

तू बुधवारी ये आणि मला कुठेतरी घेऊन जा. घरात असले तर माझ्याच्याने गप्प बसवणार नाही. ते दोघं परत गुरुवारी अकराला येतो म्हणालेत.

तुझी आई