बायडाबाईचं दूध

करंजदरा, ता. पाटोदा
दि. १८ जानेवारी १९८७

ती. बद्रीदादा यांच्या चरणी,
शिवकन्याचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आईचा गुडघा परळीच्या पॉवर स्टेशनच्या राखेमुळे दुखत नाही, वयामुळे दुखतो, हे तिला वहिनींनीच समजावावं. माझं ती ऐकायची नाही.

इकडे ह्यांच्या पायाला दुसऱ्यांदा प्लास्टर घातलंय. दसऱ्याला दुधाचे कॅन घेऊन येताना मोटारसायकल घसरली, तेव्हापासून बाजेवरच आहेत. चिडचिड करतात आणि मग स्वतःच गप्प होतात. दूध सोसायटीचं सेक्रेटरीपण ह्यांचं, पण ते सध्या मी बघते हे तुम्हाला माहीत आहेच. चेअरमन आप्पा म्हणाले, की सातवी शिकलेली बाई घरात असताना बाहेरचा माणूस कशाला. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं आणि त्याला डिग्री लावायची. डिग्री म्हणजे काचेची नळी. दुधात सोडली की तरंगते. अठ्ठावीसच्या खाली बुडली की दुधात पाणी आहे असं समजायचं. तीनदा तसं झालं की सभासदाचं नाव कमी. मग सोसायटीतली पेंड आणि कडबाही बंद. यंदा पाऊस नाही, रानात काडी नाही, त्यामुळे सगळं गाव त्या पेंडीवर आहे.

परवा बायडाबाईचं नाव कमी केलं. ती आमच्या वस्तीपलीकडच्या धनगरवाड्यातली. नवरा वारला, मेंढरं विकली, एक म्हैस राहिली. तिसऱ्यांदा तिची डिग्री चोवीसला आली. ती म्हणाली, की माझ्या दारात या, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढते आणि मग लावा नळी. मागं वीस-पंचवीस माणसं कॅन घेऊन उभी होती. मी म्हणाले, की बाई, पाणी घालायचं आणि वर साक्ष काढायची, हे शोभत नाही. रांगेतले हसले. ती कॅन घेऊन निघून गेली.

नियमानंच वागले. तरी दोन दिवस घास गोड लागत नाही. माझं काही चुकलं का, तेवढं लिहावं.

मायेत अंतर पडू देऊ नये.
आपली,
शिवकन्या


परळी वैजनाथ
दि. २७ जानेवारी १९८७

चि. सौ. शिवकन्या हिस,
बद्रीनाथचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून छाती फुगली. लहानपणी आईनं ठेवलेल्या शेंगा चोरून माझं नाव सांगणारी पोरगी आता गावाचा खरेखोटेपणा तपासते, याला म्हणतात काळाचा महिमा. तुझं काहीही चुकलेलं नाही. आमच्या पॉवर स्टेशनातसुद्धा मीटर जे सांगेल तेच खरं धरतात, कोणाचं तोंड बघत नाहीत. आज एकीला सोडलं असतंस तर उद्या सगळं गाव विहिरीवरून कॅन भरून आलं असतं. अर्थात विहिरीला पाणी असतं तर.

मन अस्वस्थ आहे म्हणतेस, तर सोमवार धर. पोथी वाचत जा. मीही येत्या सोमवारी वैजनाथाला तुझ्या नावानं अभिषेक करतो. चित्त स्थिर होईल.

एक गोष्ट सांगायची राहिली. तुझं पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. बायडाबाईच्या ओळी आल्या आणि ती उठून आत गेली. का गेली म्हणून विचारलं, तर गुडघा दुखतो म्हणाली. बसून दुखत होता की उठून, ते मला कळलं नाही.

आश्रुबारावांना नमस्कार. पायावर भार टाकू देऊ नकोस.
तुझा,
दादा


करंजदरा
दि. २२ फेब्रुवारी १९८७

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

सोमवार धरले, पोथीही वाचते. देवापुढं बसलं की देव दिसत नाही, बायडाबाईची पाठ दिसते. हे असं का होतं ते मला उमगेना. आता तर त्याहून वाईट झालंय.

परवा पाटोद्याहून गुरांचे डॉक्टर आले होते. चहा देताना मी त्यांना मोठ्या तोऱ्यानं सांगितलं, की आमच्या सोसायटीत पाण्याचं दूध चालत नाही, एकीचं तर नाव कमी केलं. त्यांनी विचारलं, तिची म्हैस काय खाते. मी म्हणाले, यंदा काय खाणार, बाभळीच्या शेंगा आणि वाळका पाला. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, की अर्धपोटी जनावराचं दूध मुळातच पातळ होतं, नळी खाली जाते. नळीला पाणी कळत नाही, फक्त दाटपणा कळतो. शंका आली तर दारात जाऊन समोर धार काढायला लावायची आणि तेच दूध पुन्हा तपासायचं.

दादा, बायडाबाई हेच म्हणाली होती.

मी तशीच पदर खोचून धनगरवाड्यात गेले. झोपडीला कडी होती. शेजारची म्हणाली, नाव कमी झाल्यावर पेंड बंद झाली, म्हैस उठेना झाली. गावात पोरं तिला पाणीवाली म्हणायला लागली. दहा दिवसांपूर्वी ती म्हशीला चालवत पालीला बहिणीकडं, साखराबाईकडं गेली. तिथं बिंदुसरा धरणाच्या काठानं थोडं हिरवं आहे म्हणतात. इथून पाली किती लांब, आणि न उठणारं जनावर कसं चाललं असेल, मला विचारवत नाही.

आप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तिचं नाव गुपचूप पुन्हा लावू, पण तू चुकलीस हे कुठं बोलू नकोस. लोकांचा नळीवरचा विश्वास उडाला तर सोसायटी बुडेल आणि शंभर घरांची पेंड जाईल. मला त्यांचंही पटतं. ह्यांना विचारलं, तर ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. म्हणजे नाव कमी केलं असतं, की गप्प बसले असते, ते विचारायचा धीर झाला नाही.

एकाच वेळी दोन खऱ्या गोष्टी एकमेकींच्या उलट कशा असतात? लवकर लिहावं. आपल्या शब्दाची वाट बघते.
शिवकन्या


परळी
दि. ३ मार्च १९८७

चि. सौ. शिवकन्या हिस अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी मीटरची फुशारकी मारली, ती परत घेतो. अभिषेक केला, पण पुजाऱ्यानं संकल्प विचारला तेव्हा तुझं नाव घेतलं नाही. नुसतं कुटुंबाच्या आरोग्यासाठी म्हणालो.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं मला कागद घेऊन बसवलं आणि ताकीद दिली, की मी सांगते तसंच लिही, तुझ्या शाळेचं घालू नको. खालचं तिचं आहे.

बाय शिवकन्या, तुझ्या आयचा, बायनाबाईचा आशीर्वाद. म्या त्या दिशी आत कावून गेले ते सांगते. मी नवी नवरी होते तवा घरातलं तूप कमी झालं. सासू चार बायांत म्हनली, की हिनं माहेरी धाडलं. म्या न्हवतं धाडलं. वर्सानं कळलं, की मांजर शिंकाळ्याला पोचत होतं. सासूलाबी कळलं. पर तिनं कदी तोंडातून काडलं न्हाई. मला लुगडं घेतलं, मला लेक म्हनली, मरताना माझ्याच हातानं पानी पेली. म्या लई सेवा केली. पर चाळीस वरसं झाली, मी अजून त्या एका शब्दाची वाट बघती हाय. ती मेली तरीबी बघती. देवाम्होरं रडलं तर देव ऐकून घेतो, त्याचं काय जातं. पर ज्याचं हाय त्याला दे. आप्पा काय म्हनतो, दादा काय म्हनतो, ते मला समजत न्हाई. मी अडानी हाय.

हे लिहिताना माझा हात थांबला, तर तिनं विचारलं, कावून थांबलास. मला हे पहिल्यांदाच कळलं, शिवकन्या. इतकी वर्षं मी आजीच्या फोटोला हार घालतो, आणि आई तो वाळला की गुपचूप काढून टाकते.
तुझा,
दादा


करंजदरा
दि. २१ मार्च १९८७

ती. दादांस व आईस,
शिवकन्याचा नमस्कार.

आईचा कागद पदराला बांधूनच पालीला गेले. ह्यांना भाकरी करून ठेवली, शेजारच्या सुभद्राबाईंना संध्याकाळचं माप बघायला सांगितलं आणि सकाळची एसटी धरली. वाटभर काय बोलायचं ते घोकत होते.

साखराबाईंचं घर धरणाच्या अंगाला आहे. म्हैस जिवंत होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, पण उभी होती. बायडाबाई शेण काढत होती. मला बघून तिनं पाटी खाली ठेवली नाही. मी म्हणाले, की चूक माझी होती, तुमचं दूध खरं होतं. वाकून पाया पडायला गेले, तर ती मागं सरली. म्हणाली, पाया पडून मला पापात घालू नका, तुमी मोठ्या घरच्या.

मी सांगितलं, की नाव पुन्हा लावलंय, पेंड मिळेल, परत चला. तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, पेंडीसाठी मी न्हाई गेले. म्हशीनं उपास काढला, मीबी काढला, ते दुष्काळानं केलं, त्याचा राग न्हाई. पर तुमी माझं तोंड काळं केलं ते चार मान्सांत, आन् धुवायला आलाव हितं, म्हशीम्होरं. जिथं बोलला तिथं बोला. मी असले काय आन् नसले काय.

मी परत आले ती आणखीच गोंधळून. वाटलं होतं, माफी मागितली की मोकळी होईन. उलट एक ओझं ठेवायला गेले आणि दोन घेऊन आले. आप्पांना शब्द दिला नसला, तरी मी मान हलवली होती. शंभर घरांची पेंड खरंच गेली तर? आणि दादा, खरं सांगते, मला त्या घरांची तेवढी काळजी नाही. रांग पुन्हा हसेल, आणि या वेळी माझ्यावर हसेल, याची भीती आहे. इतक्या दिवसांत स्वतःबद्दल एवढंच नक्की कळलं.

आपल्या पाठबळाची गरज आहे.
शिवकन्या


परळी
दि. ३० मार्च १९८७

चि. सौ. शिवकन्या हिस आशीर्वाद.

घाईत चार ओळी. भाऊ म्हणून मला वाटतं, तू बोलू नयेस. आश्रुबाराव बाजेवर आहेत, आप्पांशी वाकडं घेऊन या वर्षी निभणार नाही. हे वाक्य लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तुझी वहिनी म्हणते, तुमचं दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तीही उपयोगाची नाही.

तेव्हा माझा सल्ला घेऊ नकोस. मलाच तो धड पटलेला नाही. जे करशील ते कळव.
तुझा गोंधळलेला,
दादा


करंजदरा
दि. १९ एप्रिल १९८७

ती. दादा, वहिनी व आई यांस,
सा. न. वि. वि.

आधी आईनं दादांशी बोलावं. सल्ला चुकला तरी जीव तोडून दिलेला होता.

मागच्या रविवारी सकाळच्या मापाला बोलले. ठरवून नाही. आदल्या दिवशी तर नाहीच बोलायचं म्हणून ठरवलं होतं. शहादेव भाऊजींच्या गाईची डिग्री पंचवीसला आली. त्यांचा चेहरा उतरला, मागून कोणीतरी म्हणालं, घ्या, दुसरा पाणीवाला. तो शब्द ऐकला आणि मी हातातली नळी खाली ठेवली. म्हणाले, की जानेवारीत इथंच मी बायडाबाईला खोटं ठरवलं. तिनं पाणी घातलं नव्हतं, म्हैस उपाशी होती. ती दारात या म्हणाली आणि मी गेले नाही. नळीचा दोष नाही, माझा आहे. तिची गावासमोर माफी मागते. शहादेव भाऊजींच्या दारात आता येते, समोर धार काढू.

कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं, असं वाटलं.

मग रांगेच्या मधून विमलबाई पुढं आल्या. आप्पांची बायको. त्यांचा गडी दूध घालतो, त्या दिवशी तो आजारी म्हणून स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, आमच्या म्हशींला कारखान्यावरनं उसाचं हिरवं वाढं खायला येतंय, दूध दाट हाय, म्हनून रोज दोन तांबे पानी पडतंय त्यात. नळी तीस दावती. हे मला ठावं हाय, गड्याला ठावं हाय, घरात समद्यांना ठावं हाय. बोलून त्यांनी आपला कॅन उचलला आणि मोरीत ओतून दिला. एवढ्या दुष्काळात तेवढं दूध वाहून जाताना बघून दोन बायांनी तोंडाला पदर लावला.

दादा, मी दोन महिने कपाळावर हात मारून घेत होते, की खऱ्याला खोटं ठरवलं. पण त्याच नळीनं मी रोज खोट्याला खरं ठरवत होते, आणि त्याची मला कधी टोचणीही लागली नव्हती. आता कोणत्या चुकीचं जास्त वाईट वाटून घ्यावं?

आप्पा दोन दिवस सोसायटीत फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, किल्ल्या मागितल्या. मी पुढं केल्या. त्यांनी जमलेल्यांना विचारलं, हे काम कोण करतो. कोणी हात वर केला नाही. दारोदार जाऊन धारा बघायच्या म्हटल्यावर कोण करणार. किल्ल्या टेबलावर ठेवून ते निघून गेले. सोसायटी बुडाली नाही, निदान अजून तरी. दूध थोडं कमी येतं, पण येतं. शहादेव भाऊजींची गाय समोर पिळली, चोवीस भरली. त्यांची पेंड चालू आहे. विमलबाईंशी आप्पा बोलतात की नाही, ते मी विचारलं नाही. ह्यांनी मात्र काल बाजेवरून पाय खाली टेकवला आणि मला म्हणाले, की मी भिंतीकडं तोंड करून बोललो होतो, ते मनावर घेऊ नकोस.

बुधवारी बायडाबाईच्या हक्काचं पेंडीचं पोतं एसटीच्या टपावर टाकून पालीला गेले. माझ्या आधीच बातमी पोचली होती. मी बोलले ते शब्दन् शब्द तिला ठाऊक, दोन-चार माझे नसलेलेही. तिनं पोतं सोडलं, पेंड भिजत घातली, म्हशीपुढं ठेवली. ती खाईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसलो. मग म्हणाली, यंदा मी येत न्हाई, हितं हिरवं हाय. पुढच्या साली बघू. मी बरं म्हणाले. माफ केलं का, असं विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. ते तिचं आहे, तिच्या वेळेनं देईल किंवा नाही देणार.

तुम्ही लिहिलं होतं, चित्त स्थिर होईल. झालं का, ते मला सांगता येत नाही. पोथी उघडते, कधी समजते, कधी नाही. बळ आलं म्हणावं, तर रांगेपुढं उभी राहताना अजून भीती वाटते. फक्त आता भीती वाटली तरी मी उभी राहते. पुढच्या बुधवारी पेंडीचं दुसरं पोतं घेऊन पालीला जायचं आहे. एवढंच सध्या स्वच्छ कळतं.

आईला सांगावं, की तिच्या सासूच्या वतीनं मी बोलू शकत नाही. पण त्या आजीची नात म्हणून आईला सांगते, तूप तू माहेरी धाडलं नव्हतंस. हे मी तिथं येऊन, दादा-वहिनींच्या समोर, मोठ्यानं म्हणणार आहे. ह्यांचा पाय चालता झाला की लगेच निघते.

थोरांनी आहे तशी पदरात घ्यावी.
आपली,
शिवकन्या