रंभाबाईंचं उलटं जातं

९ जानेवारी १९४९, रविवार

सकाळच्या गाडीने बऱ्हाणपूरला उतरलो. टांगेवाला स्टेशनापासून शनवाऱ्यापर्यंत एकसारखा बोलत होता. कुठलं संस्थान विलीन झालं, कुठल्या राजाने सही केली, निजामाचं शेवटी काय झालं, सगळं त्याला तोंडपाठ. मी म्हटलं, बाबा, रस्त्याकडे बघ. तो म्हणाला, रस्ता घोड्याला ठाऊक आहे. फार दिवसांनी हसलो.

काम चांगलं आहे. कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, दिवसा फाटकावर बसायचं, आत जाणाऱ्यांच्या बिड्या-काड्या काढून घ्यायच्या, गाड्या सोडायच्या. पन्नाशीला आलेल्या माणसाला एवढं पुरे.

खोली रंभाबाईंकडे मिळाली. खरं म्हणजे तीच हवी म्हणून शोधत आलो. पलटणीत मी लांगरी होतो, स्वयंपाक माझ्याकडे असे. सिंगापूरला जाणाऱ्या जहाजात रंभाबाईंचा एकुलता मुलगा कौतिक माझ्या शेजारच्या झोळीत झोपायचा. हे घर त्याच्या तोंडून इतकं ऐकलंय, की परसातल्या केळी, पडवीतलं जातं, माठाची जागा, सगळं न विचारता सापडलं.

कौतिक त्या जहाजावरच वारला. पुढे सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं, आम्ही कैदेत गेलो, कागदपत्रं कुठे गेली कुणास ठाऊक. घरी 'बेपत्ता' एवढंच कळवलं गेलं. तो गेला हे पाहिलेला आणि परत आलेला मी एकटाच. तेच सांगायला आलो आहे.

आज सांगणार होतो. पण त्याच्याबरोबर होतो म्हणताच म्हातारीने माझे दोन्ही हात धरले. भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. म्हणाली, तुम्ही आलात भाऊ, तर तोही येईल. उद्या सांगेन.

१४ जानेवारी, संक्रांत

रंभाबाईंनी तिळगुळाचे दोन वाटे काढले. एक मला दिला, एक झाकून ठेवला.

पहाटे रोज जात्याचा आवाज येतो. आज उठून पाहिलं, तर जात्यात दाणा नव्हता. खुंट्याला कौतिकची जुनी पैरण बांधलेली, आणि त्या जातं उलटं फिरवत होत्या. थोडं फिरवायचं, थांबायचं, दाराकडे तोंड करून त्याच्या नावाने हाक मारायची. दूर गेलेल्या माणसाला घरी आणायची ही रीत त्या सासूकडून शिकल्या. दारातून 'ओ' आली की माणूस घरात आलं. इतक्या वर्षांत ओ आलेली नाही. तरी एकही पहाट चुकवली नाही, म्हणाल्या.

मग मला जहाजातलं विचारत बसल्या. मी सांगितलं. आम्ही पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर होतो, तिथे दिवस-रात्र सारखीच. झोळ्या इतक्या जवळ, की एकाने कूस बदलली तर सगळी रांग हलायची. खाऱ्या पाण्याने अंघोळ, साबणाला फेस नाही. चहाला घासलेटचा वास. पहिले काही दिवस ओकाऱ्यांच्या बादल्या इकडून तिकडे घसरायच्या आणि कौतिक त्यांच्या शर्यती लावायचा. हे ऐकून त्या पदराने डोळे पुसत हसल्या. तो असाच, म्हणाल्या.

पुढचं सांगितलं नाही. त्याला ताप चढला. पिण्याचं पाणी मोजून मिळायचं. माझा वाटा त्याला दिला, तो पुरला नाही. आमच्या घरचं पाणी गोड आहे, हेच बडबडत होता. शेवटी मलाच आई समजला. म्हणाला, "आई, अजून एक लोटा." लोटा रिकामा होता.

जाळायला तिथे लाकूड कुठलं? पायाशी लोखंडाचे तुकडे ठेवून खलाशाने त्याला तागाच्या जाड कापडात शिवलं. कडा मी धरल्या होत्या. शेवटचे टाके तोंडावरून गेले. मग फळी तिरपी केली.

२१ जानेवारी

आज रंभाबाईंनी विचारलं, घर सोडून इथे का राहता? सांगून टाकलं.

कैदेत असताना माझीही काही खबर नव्हती. गावाने मला मेलेला धरलं. भावांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून नदीकाठी जाळला, दहावं-तेरावं केलं. बायकोने कुंकू पुसलं. मी परतलो त्याआधीच ती वारली होती. अशा माणसाचा नवा जन्म करून घ्यावा लागतो, नव्याने बारसं, सगळं नव्याने. ते कुणी केलं नाही. भाऊ वाईट नाहीत. पण माझं ताट वेगळं वाढायचे, आणि धाकटी भावजय लेकराला माझ्या सावलीतून उचलून घ्यायची. मी देवळात जाऊन बसायचो. देवाला मी चालायचो.

रंभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, म्हणजे तुमची जागा रिकामी आहे. त्यांना माझी कीव आली असावी.

२८ जानेवारी

माठातलं पाणी मचूळ लागलं. माठ घासला, नव्याने भरला. दुपारी आणखी खारट. आयुष्य चुलीपुढे गेलं आहे माझं, जमिनीतला खार मला कळतो. हा तो नाही. ही समुद्राची चव आहे. रंभाबाईंनी पिऊन पाहिलं आणि माठावर झाकण ठेवलं.

खोलीत नव्या तागाचा वास येतो. जिनातून अंगाला लागून आला असेल, असं मनाला सांगितलं. जिनात कापूस असतो.

२ फेब्रुवारी

भर दुपारी जेवायला घरी आलो होतो. गल्लीत लोखंड फरफटत आल्याचा आवाज झाला. थोडं फरफटायचं, थांबायचं. शेजारच्या निर्मलाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. आवाज आमच्या दाराशी येऊन थांबला. बाहेर कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेरची फरशी ओली होती, माणूस आडवा निजावा एवढी. वाळल्यावर पांढरं मीठ राहिलं.

रामाचं नाव घेत पुसून काढलं. हात अजून खारट लागतात.

५ फेब्रुवारी

आज जमीन हलते आहे. एका बाजूला कलते, मग दुसऱ्या. भिंत धरून चालावं लागलं. फाटकावरच्या गोटू हमालाने विचारलं, काका, आज लावून आलात काय? सगळे हसले. मीही हसलो.

पहाटे रंभाबाईंनी हाक मारली तेव्हा मी दाराजवळ होतो. दारापलीकडून उत्तर आलं. आवाज नाही. कापडाच्या आत कुणी तोंड उघडायला बघावं, आणि कापड आत ओढलं जावं, तसं.

तो येतोय. रोज येतोय. आई हाक मारते आणि त्याला ओ देता येत नाही. तोंडावरून टाके आहेत.

मी कडा धरल्या होत्या.

८ फेब्रुवारी

जिनातच राहायला गेलो. मालकांनी हरकत घेतली नाही. पहाटे जात्याचा आवाज तिथेही आला. मग हाक. मग फाटकाबाहेर ते लोखंड. माझ्यामागे येतो तो. घरापर्यंत येऊन पुन्हा माझ्याकडे —

मला त्याचं भय वाटत होतं. आज रडू आलं. इतक्या लांबून, पायाशी तेवढं वजन घेऊन.

रंभाबाईंकडे परत आलो. उद्या सांगतो. ती समजेल. तापीवर त्याचा पुतळा जाळू, तो सुटेल. तिने हाक मारणं थांबवलं पाहिजे.

९ फेब्रुवारी

सांगितलं. सगळं. ताप, रिकामा लोटा, टाके, फळी. ती जात्यापाशी बसून ऐकत होती. मी पाया पडून म्हटलं, आता त्याला बोलावू नका, त्याला जाऊ द्या.

ती रडली नाही. म्हणाली, "मला काय माहीत नव्हतं? आई आहे मी. ज्या दिवशी गेला त्याच दिवशी समजलं."

मग बोलावता कशाला, विचारलं.

"मेला तर काय झालं, भाऊ? घर तर त्याचंच आहे."

नंतर मला भाकरी वाढली. वाढता वाढता म्हणाली, तो दारात उभा राहतो, बोलू शकत नाही. त्याच्या बदली कुणी ओ दिली तर आत येईल. पण आत येऊन राहणार कुठे? जिवंत माणसाच्या ठायी त्याला जागा नाही. तुमचं तर सगळं करून झालंय.

जबरदस्ती नाही, म्हणाली. भरीत आणखी वाढू का, विचारलं.

११ फेब्रुवारी

देवळात बसलो होतो. काही मागायला सुचेना. मी गेलो तर कुणाचं अडतं? माझं दहावं झालंय, तेरावं झालंय. रडून घेतलंय सगळ्यांनी. पिंडाला कावळाही शिवला म्हणतात.

तरी जीव भितो. मला सकाळी गाडीवाल्यांशी बोलायला आवडतं. ऊन आवडतं. हे मला कुणी —

१२ फेब्रुवारी

माझ्या खोलीत आहे. मी निजतो त्या जागी ओल. कूस बदलली की कुणाला तरी लागते —

तोंडात मीठ. बोलताना ओठ ओढतात. आरशात ओठांच्या कडेला बारीक भोकं, एका रांगेत —

तिने आज हाक मारली नाही. माझ्याकडे बघून नुसतं जातं फिरवलं. फार थकली आहे. खुंटा हातातून निसटतो. ती गेली तर त्याला हाक कोण मारेल? असाच येत राहील — दारापर्यंत —

१३ फेब्रुवारी, पहाट

जातं सुरू झालं. दाराशी लोखंड थांबलं आहे. कापड आत जातंय, बाहेर येतंय.

रामा, माझा लोटा रिकामा होता. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे द्यायला. आता आहे.

जातं थांबलं. तिने दाराकडे तोंड केलं. हाक —

ओ —

१३ फेब्रुवारी

जमीन हलत नाही. ऊन आहे. माझी पैरण खुंट्यावरून सोडून तिने मला घातली. घट्ट होते, पण होते. तिळगुळ झाकून ठेवला होता.

इथे आधी कुणीतरी म्हातारा लिहीत असे. लांगरी होता. चांगला होता, मला आठवतो. कडा त्याने धरल्या

माठातलं पाणी गोड आहे. किती गोड. आई, अजून एक लो