मी फोन कापलेला नाही

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे. मानून घे.) इकडे सगळे बरे आहेत, इंटरनेट सोडून. तुझे डोळे कसे आहेत? वाचायला त्रास नको म्हणून अक्षर मुद्दाम दुकानाच्या पाटीएवढं काढलंय. एका पानावर जेमतेम तीन वाक्यं मावताहेत, तेव्हा जाडजूड पाकीट बघून घाबरू नकोस.

आता मुद्द्याचं. मी तुझा फोन कापलेला नाही. एकदाही नाही! सलग तीन रविवार तू "डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की" इथवर आलीस आणि मोबाइलच्या पडद्यावर तुझं तोंड उघडंच थिजलं, हे खरं. दवाखान्याचं नाव काढलं की मी पळ काढतो, हेही खरं. (दाढ काढायच्या दिवशी तू मला कुठून शोधून आणलंस, ते इथे लिहिण्याचं कारण नाही.) पण म्हणून मी सख्ख्या बहिणीचा फोन कापीन? तू रुसलीस ती रुसलीसच, आता साधा फोनही उचलत नाहीस. चूक राउटरची आणि शिक्षा मला.

या राउटरचं असं आहे की बरोबर अकरा मिनिटं तो शहाण्यासारखा चालतो आणि मग त्याचा दिवा लाल होतो. तुला मुद्द्यावर यायलाही बरोबर तेवढीच लागतात. (पाच मिनिटं हवा, चार मिनिटं शेजारीण, उरलेली दोन माझं पोट का सुटलंय यावर.) पण मी हार मानलेली नाही. वायर बदलली. प्लग बदलला. मोडेम आणि राउटर दोघांना उचलून कपाटावर ठेवलं, मग कपाटच हलवलं, कंबर धरली ती तेव्हाच. पासवर्ड बदलला, विसरलो, पुन्हा बदलला. कंपनीच्या बाई फोनवर एकच सांगतात, बंद करून चालू करा. सतरा वेळा केलं. अठराव्यांदा त्यांना म्हटलं, आता जरा तुम्हीच बंद होऊन चालू व्हा.

शेवटी दुरुस्तीवाला आला, चांगला मिशीवाला गृहस्थ. आल्या आल्या त्याने राउटरवरचं, तू विणून दिलेलं क्रोशाचं कव्हर चिमटीत धरून उचललं, खाली बोट लावलं, चटका बसल्यासारखं नाटक केलं आणि म्हणाला, "काका, आधी हे फडकं काढा, आत हवाच जात नाही." फडकं! डोळे अधू होण्याआधी तुझ्या हातून झालेली ती शेवटची वस्तू. दर रविवारी माझ्या पाठीमागे ते पांढरं दिसलं की तुला बरं वाटतं, तू बोलत नाहीस, पण मला कळतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं, तीस वर्षं कारखान्याचे बॉयलर सांभाळलेत, गरम काय नि थंड काय हे मला शिकवू नका. चहासुद्धा न विचारता वाटेला लावला. सूनबाईही त्याच्याच बाजूची निघाली. तिलाही बजावलंय, राउटर घराबाहेर जाईल, वेळ आली तर मीही जाईन, पण कव्हर जाणार नाही.

तेव्हा येत्या रविवारी मुकाट्याने फोन उचल. नाही उचललास तर रोज एक पत्र येईल, याच मापाच्या अक्षरात.

तुझा धाकटा भाऊ
(फोन न कापणारा)

ता. क. : काल दुपारी घरात कोणी नसताना कव्हर जरासं बाजूला करून पाहिलं, केवळ त्या मिशीवाल्याला खोटं पाडायला म्हणून. राउटर तेव्हापासून चालूच आहे. सूनबाईला हे कळता कामा नये.

ता. क. २ : कव्हर कुठेही गेलेलं नाही. जागच्या जागी आहे, फक्त त्याच्याखाली आता बिस्किटांचा रिकामा डबा आहे. राउटर बसलाय पडद्याआड, उघडाबोडका. पाठीमागे तुला पांढरं दिसेल ते तुझंच.

ता. क. ३ : रविवारी हवा, शेजारीण आणि माझं पोट नंतर. आधी सांग, डॉक्टर काय म्हणाले? ऑपरेशनची तारीख दिली असेल तर दवाखान्यात बाहेरच्या बाकावर मी बसणार आहे. पळणार नाही.